कागद भरून ठेवा, म्हणाले

आज सकाळी एका ग्रुपवर एकानं लिहिलं : "मुदतपूर्व निवडणुकीची हवा अधूनमधून सोडायची असते. घ्यायची नसली तरी. कार्यकर्ता जागा राहतो, विरोधक घाबरून राहतो." खाली धडाधड अंगठे. त्यातले निम्मे आपल्याच ओळखीचे, बूथवर बसणारे, मतदार याद्या भागवार फोडणारे, चिठ्ठ्या वाटणारे. म्हणून हे लिहायला बसलो. लांबेल, पण वाचा.

हवा फुकट नसते. तिचं बिल कुणीतरी भरतं, आणि हवा सोडणारा ते कधीच भरत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावात एक छापखानेवाले काका आहेत. जुनं ऑफसेट मशीन, दोन कामगार, मागे पत्र्याचं गोडाऊन. २०१९ च्या जानेवारीत गावोगाव एकच चर्चा होती, की लोकसभेबरोबरच विधानसभाही उरकणार. एका पुढाऱ्याचा माणूस येऊन काकांना सांगून गेला, "कागद भरून ठेवा काका, ऐन वेळी मिळायचा नाही." कोणत्या पक्षाचा ते लिहीत नाही, कारण प्रश्न पक्षाचा नाही. काकांनी ६० रिम मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा पांढरा कागद भरला, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम), २३ बाय ३६ इंचाचा. पंचेचाळीस दिवसांच्या उधारीवर.

आता हा आकडा कुठून आला ते बघा, म्हणजे काका काही खुळे नव्हते हे कळेल. मतदारसंघात घरं साधारण ८५ हजार. घरटी एक पत्रक, तीन फेऱ्या, म्हणजे अडीच लाखांच्या वर पत्रकं. २३ बाय ३६ च्या एका शीटमधून पावणेसहा बाय नऊ इंचाची १६ पत्रकं निघतात. म्हणजे १६ हजार शीट, ५०० ची एक रिम धरली तर ३२ रिम, वर पाच टक्के वाया जाणारा. एका उमेदवाराला ३४ रिम. दोघांचं काम मिळेल या हिशेबानं ६८ होतात, काका ६० वर थांबले. एका रिमचं वजन पावणेएकोणीस किलो, सगळा मिळून अकराशे किलोच्या वर कागद त्या पत्र्याच्या खोलीत येऊन पडला.

१० मार्चला निवडणूक आयोगानं लोकसभेचा कार्यक्रम जाहीर केला. सोबत विधानसभा होत्या आंध्र, अरुणाचल, ओडिशा आणि सिक्कीमच्या. महाराष्ट्र नव्हता.

काकांकडे परत येतो. आधी ज्या माणसामुळे हा विषय जगभर शिकवण्याजोगा झाला त्याच्याकडे जाऊ : गॉर्डन ब्राऊन, २००७.

ब्राऊन २७ जून २००७ ला ब्रिटनचे पंतप्रधान झाले. निवडणूक जिंकून नाही, टोनी ब्लेअर यांच्या जागी. पहिल्या तीन दिवसांतच लंडनमध्ये स्फोटकांनी भरलेल्या गाड्या सापडल्या, ग्लासगो विमानतळावर हल्ला झाला, जुलैत पूर आले, ऑगस्टमध्ये जनावरांत लाळ-खुरकुत आली. माणूस शांतपणे काम करतोय असं लोकांना दिसलं आणि मजूर पक्ष चाचण्यांत वर गेला. सप्टेंबरात नॉर्दर्न रॉक बँकेपुढे पैसे काढायला रांगा लागल्या, तरी आघाडी टिकली. मग पक्षातल्या तरुण सल्लागारांना वाटू लागलं, की आत्ताच घेऊन टाकू. संसदेची मुदत २०१० पर्यंत होती. घाईची गरज कुणालाच नव्हती.

इथे तिकडची यंत्रणा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हा तिथे तारीख पंतप्रधानाच्या खिशात असायची. राणीकडे जायचं, संसद विसर्जित करायला सांगायचं, आणि तिथून कामकाजाचे १७ दिवस मोजले की मतदान. बोलबाला १ नोव्हेंबरचा होता. गुरुवार. उलटे दिवस मोजा : १ नोव्हेंबर गाठायचा असेल तर ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडताच विसर्जन व्हायला हवं. म्हणजे निर्णयाची शेवटची मुदत ६-७ ऑक्टोबरचा शनिवार-रविवार. ती कॅलेंडरनं ठरवलेली होती, ब्राऊन यांच्या मनानं नाही.

आणि त्यांनी काय केलं? सप्टेंबरअखेर बोर्नमथला पक्षाचं अधिवेशन झालं. तिथे एक शब्द बोलले असते, "यंदा निवडणूक नाही", तर विषय तिथेच मिटला असता. ते बोलले नाहीत. आजूबाजूच्या लोकांना बोलू दिलं. डग्लस अलेक्झांडर यांच्याकडे निवडणुकीच्या तयारीची सूत्रं होती, जाहीरनाम्याचं काम सुरू होतं. पक्ष कर्जात असताना! रोज वर्तमानपत्रांत तारखा यायच्या आणि पंतप्रधान गप्प.

हवेनं विरोधक घाबरतो म्हणणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. विरोधक घाबरला नाही, एक झाला. विरोधातल्या हुजूर पक्षात तोवर त्यांचे नेते डेव्हिड कॅमरून यांच्याविरुद्ध कुरकुर चालली होती. निवडणूक दारात आहे म्हटल्यावर ती थांबली. १ ऑक्टोबरला त्यांच्या ब्लॅकपूलच्या अधिवेशनात पक्षाची अर्थखात्याची बाजू मांडणारे जॉर्ज ऑस्बोर्न यांनी जाहीर केलं, की वारसा कराची मर्यादा तीन लाख पौंडांवरून दहा लाखांवर नेऊ. दक्षिण इंग्लंडमध्ये साध्या नोकरदाराच्या घराची किंमतही तीन लाखांच्या पुढे जात होती, त्यामुळे हा मुद्दा थेट काठावरच्या, म्हणजे थोड्या मतांनी निकाल फिरणाऱ्या मतदारसंघांत लागला. दुसऱ्याच दिवशी ब्राऊन इराकमध्ये, हजार सैनिक नाताळपर्यंत परत आणू म्हणाले. त्या हजारांतल्या काहींची घोषणा आधीच झालेली होती हे लगेच बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी कॅमरून हातात कागद न धरता तासाभराचं भाषण करून गेले, आणि शेवटी "बोलवाच निवडणूक" असं आव्हान देऊन.

शुक्रवारी, ५ ऑक्टोबरला ब्राऊन यांच्यापुढे त्यांच्याच लोकांनी काठावरच्या जागांचे आकडे ठेवले. देशभराची आघाडी आणि काठावरच्या जागांवरची आघाडी या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही तालुकाध्यक्षाला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. हातात ६६ चं बहुमत होतं. ते कमी होण्याची भीती समोर दिसली. शिवाय नोव्हेंबर म्हणजे साडेचार-पाचला अंधार, दार वाजवत फिरणं अवघड. नवी मतदार यादी निघायची १ डिसेंबरला, म्हणजे घर बदललेले लोक जुन्याच पत्त्यावर. टपाल कर्मचाऱ्यांचा संप सुरू होता आणि टपाली मतं मजूर पक्षालाही हवी होती.

यातली एकही अडचण नवी नव्हती. अंधार दर नोव्हेंबरात होतो! यादी दर १ डिसेंबरलाच निघते! हे सप्टेंबरात तपासायचं असतं, चर्चा पेटवायच्या आधी. माझा राग माघारीवर नाहीच मुळी. आकडे वाईट असताना उडी मारणारा नेता मला जास्त नको आहे. राग आहे तो उलट्या क्रमावर. आधी यंत्रणा हलवली आणि मग हिशेब मांडला.

शनिवारी, ६ ऑक्टोबरला त्यांनी एकट्या बीबीसीच्या अँड्र्यू मार यांना बोलावून मुलाखत दिली : निवडणूक नाही. बाकीचे वार्ताहर बाहेर रस्त्यावर. सोमवारच्या पत्रकार परिषदेत त्यांनी सांगितलं, की चाचण्यांचा याच्याशी संबंध नाही, मला माझी दृष्टी लोकांपुढे ठेवायला वेळ हवा आहे. कुणाचा विश्वास बसणार? खरं सांगितलं असतं तर चार दिवसांची नाचक्की झाली असती. "आकडे बघितले, पटले नाहीत, पक्षाला धोक्यात घालणार नाही." संपलं. खोटं कारण दिल्यामुळे ती नाचक्की पुढची अडीच वर्षं पुरली. बुधवारी कॅमरून संसदेत म्हणाले, की जिंकणार म्हणून निवडणूक टाळणारे हे इतिहासातले पहिले पंतप्रधान. त्याच्या आदल्याच दिवशी अर्थमंत्री डार्लिंग यांनी वारसा कराची सवलत जोडप्यांसाठी सहा लाखांपर्यंत नेली होती, म्हणजे ज्यांना घाबरून माघार घेतली त्यांचाच मुद्दा उचलला होता. निवडणूक झाली ६ मे २०१० ला, मजूर पक्ष २५८ जागांवर आला आणि ब्राऊन घरी गेले. मधल्या काळात जागतिक मंदी आली, सगळं खापर त्या एका शनिवारावर फोडता येणार नाही, एवढं मान्य करतो. पण माणसाच्या शब्दाचं वजन त्या शनिवारी गेलं, ते परत आलं नाही.

त्यांच्याच पक्षात एकोणतीस वर्षांपूर्वी हेच घडलं होतं, हे आणखी वाईट. १९७८ च्या सप्टेंबरात तेव्हाचे पंतप्रधान जेम्स कॅलहॅन कामगार संघटनांच्या ब्रायटनच्या परिषदेत गेले. सगळा देश तारखेची वाट बघत होता. त्यांनी तिथे चर्चमध्ये ताटकळत उभ्या राहिलेल्या नवरीचं एक जुनं गाणं म्हणून दाखवलं. अर्ध्या लोकांना वाटलं निवडणूक येतेय, अर्ध्यांना वाटलं येत नाही. दोन दिवसांनी टीव्हीवर सांगितलं : नाही. मग आला संपांचा हिवाळा. कचऱ्याचे ढीग, लिव्हरपूलमध्ये कबरी खणणारेही संपावर. २८ मार्च १९७९ ला ३११ विरुद्ध ३१०, एका मतानं सरकार पडलं, आणि मेमध्ये हुजूर पक्षाच्या थॅचर आल्या. ज्या संघटनांना गाणं ऐकवलं त्या संघटनांनी निवडणूक निधी आणि माणसं तयार ठेवली होती, हे विसरू नका. त्यांच्या तोंडावर दार आपटलं गेलं.

इथे मला पुन्हा काका आठवतात. मार्चमध्ये विधानसभा नाही म्हटल्यावर काकांनी लोकसभेचं काम तरी मिळेल म्हणून वाट बघितली. पण लोकसभेची पत्रकं बहुतेक वरूनच, जिल्ह्याच्या गावाहून किंवा मुंबईहून गठ्ठ्यानं येतात. तालुक्याच्या छापखान्याला सभेच्या जाहिराती आणि मतदार चिठ्ठ्यांचं किरकोळ काम. वीसेक रिम गेल्या. चाळीस उरल्या.

"मग आधीच छापून टाकायचं ना," असं त्या ग्रुपवर एकानं लिहिलंय. अरे बाबा, काय छापणार? उमेदवार ठरलेला नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ वाचा. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता लागतो. प्रकाशकाची सही असलेलं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र दोन प्रतींत घेतल्याशिवाय मुद्रकानं छापायचंच नसतं. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून छापखानेवाला आधी फक्त कच्चा माल भरू शकतो. माल आला की जोखीम त्याची. उमेदवाराच्या खर्चाचा हिशेबसुद्धा अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचाच धरतात. जानेवारीत भरलेला कागद कुणाच्याच हिशेबात बसत नाही. ना उमेदवाराच्या, ना पक्षाच्या. तो फक्त काकांच्या वहीत, नावे बाजूला.

आपल्याकडे तर हा खेळ आणखी निरर्थक आहे, कारण तारीख नेत्याच्या खिशात नसतेच. मुख्यमंत्र्यानं मंत्रिमंडळाचा ठराव करायचा, राज्यपालांनी कलम १७४ खाली विधानसभा विसर्जित करायची, इथवर ठीक. पुढे सगळं आयोगाच्या हातात. गुजरातमध्ये २००२ च्या जुलैत विधानसभा विसर्जित केली, लवकर निवडणूक हवी होती. आयोगानं परिस्थिती बघून नकार दिला, प्रकरण राष्ट्रपतींमार्फत सर्वोच्च न्यायालयाच्या सल्ल्याला गेलं, मतदान झालं डिसेंबरात. चंद्राबाबूंनी २००३ च्या नोव्हेंबरात आंध्रची विधानसभा विसर्जित केली. अलिपिरीला त्यांच्यावर झालेल्या बॉम्बहल्ल्यातून वाचल्याची सहानुभूती ताजी होती. मतदान मिळालं २००४ च्या एप्रिलमध्ये. सहा महिन्यांत सहानुभूती शिळी झाली आणि जागा उरल्या ४७. शिवाय २०१८ पासून आयोगानं स्पष्ट केलंय, की मुदतीआधी विसर्जन झालं की त्याच क्षणापासून आचारसंहिता लागू. म्हणजे काळजीवाहू सरकारनं नवी योजना जाहीर करायची सोय नाही.

जाहीर झाल्यावरचं वेळापत्रक मात्र ठरलेलं. अधिसूचनेनंतर सातव्या दिवसापर्यंत अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, मग दोन दिवसांत माघार, आणि माघारीनंतर किमान चौदा दिवसांनी मतदान. म्हणजे अधिसूचनेपासून किमान चोवीस दिवस. छपाईला त्यातले खरे दिवस मिळतात माघारीनंतरचे, कारण चिन्ह आणि यंत्रावरचा क्रमांक तेव्हा पक्का होतो. त्यातून प्रचार बंदीचे ४८ तास वजा. उरले बाराच्या आसपास. म्हणूनच लोक कागद आधी भरतात. म्हणूनच आवई एवढी महाग पडते. ती सोडणाऱ्याला हे गणित माहीत असतं, आणि तरी तो सोडतो.

हो, लवकर उडी मारूनही लोक आपटतात. आपल्याकडे १९९९ मध्ये युतीनं सहा महिने आधी, लोकसभेबरोबर विधानसभा घेतली आणि सत्ता घालवली. पाच वर्षांनी वाजपेयी सरकारनं सहा-सात महिने आधी लोकसभा घेतली, तेही गेलं. उलट तेलंगणात २०१८ ला के. चंद्रशेखर राव यांनी सप्टेंबरात विसर्जन केलं, त्याच दिवशी शंभरावर उमेदवार जाहीर केले, आणि डिसेंबरात ११९ पैकी ८८ जागा आणल्या. फरक बघा. त्यांची कार्यकर्त्यांना दिलेली हाक आणि विसर्जनाचा ठराव एकाच दिवशीचे होते. कुणाच्या गोडाऊनमध्ये सहा महिने कागद पडून राहिला नाही.

आणि माघार घेऊनही टिकता येतं, हेही नाइलाजानं मान्य करतो. ब्राऊन यांच्या त्या शनिवारानंतर सहाच दिवसांनी, १२ ऑक्टोबर २००७ ला दिल्लीत मनमोहन सिंग म्हणाले, की अमेरिकेबरोबरचा अणुकरार झाला नाही म्हणून आयुष्य संपत नाही. ऑगस्टपासून डाव्यांशी ताणाताणी होती, मध्यावधीची चर्चा सगळीकडे होती. त्यांनी ती उघडपणे, स्वतःच्या तोंडानं थंड केली. टोमणे खाल्ले. पुढच्या जुलैत डाव्यांनी पाठिंबा काढला तेव्हा २७५ विरुद्ध २५६ नं विश्वासमत जिंकलं, करार केला, आणि २००९ ला काँग्रेसच्या २०६ जागा आल्या. त्या विश्वासमताच्या दिवशी लोकसभेत नोटांची बंडलं दाखवली गेली, तो डाग आहेच. पण माघार कशी घ्यावी याचा धडा म्हणून बघितलं, तर नेत्यानं स्वतः, लवकर आणि खरं कारण सांगून घ्यावी.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. ग्रुपवर ज्यानं ते लिहिलं तो वाईट माणूस नाही. त्यानंही २०१९ च्या जानेवारीपासून चार महिने याद्या फोडल्या होत्या, भाग क्रमांकानुसार घरं लावली होती, दुबार नावांवर लाल खुणा केल्या होत्या. ऑक्टोबरात मतदान होईपर्यंत नवी यादी आली आणि त्याच्या सगळ्या खुणा जुन्या यादीवर राहिल्या. भाग क्रमांक तेच, पण अनुक्रमांक सरकलेले. पुन्हा पहिल्यापासून. आता तोच सांगतोय की कार्यकर्ता जागा राहतो. जागा राहतो रे, पण दुसऱ्यांदा हाक मारली की तो हळूच विचारतो, खरंच आहे का? तिसऱ्यांदा विचारतही नाही. बूथवर दुपारी तीनला एजंट जागेवर नसतो ना, त्याचं मूळ इथे असतं.

काकांच्या चाळीस रिमांचं काय झालं तेही सांगतो. जूनमध्ये पाऊस लागला. गोडाऊनची फरशी थंड, गठ्ठे भिंतीला टेकवलेले, खाली फळ्या नव्हत्या. कागद हवेतलं पाणी पितो, आणि रिमच्या कडा आधी पितात, मधला भाग नंतर. त्यामुळे कडा वाढतात आणि लाटा येतात. २१ सप्टेंबरला विधानसभा जाहीर झाली, काकांनी मशीन लावलं, तर दोन-दोन शीट एकदम ओढली जायला लागली. दुसऱ्या रंगाला कागद ताणला जाऊन उमेदवाराच्या चेहऱ्याची कडा दुहेरी उमटायला लागली. पंख्याखाली रिम उलगडून, झटकून, दोन दिवस सुकवून बघितलं. वरच्या दहा-बारा बऱ्या निघाल्या. बाकीच्या एका क्लासला सराव प्रश्नपत्रिकांसाठी गेल्या, एकरंगी काम, पडत्या भावात. उधारीवरचं व्याज वेगळं. आणि विधानसभेचं काम? पुढाऱ्याच्या माणसानं दुसरीकडे दिलं, "तुमची छपाई यंदा नीट येत नाही काका" म्हणून.

तेव्हापासून काकांनी दोन गोष्टी केल्यात. गोडाऊनमध्ये भिंतीपासून वीतभर अंतर सोडून लाकडी फळ्या टाकल्यात, खाली चार बोटं हवा खेळेल अशा. आणि काउंटरच्या काचेखाली आयोगाच्या एका जुन्या कार्यक्रमाचं कात्रण ठेवलंय. कुणी येऊन "कागद भरून ठेवा" म्हणालं, की काका त्या कात्रणावर बोट ठेवतात आणि विचारतात, "हे आलंय का?" आलं नसेल तर निम्मे पैसे आगाऊ.

गेल्या आठवड्यात एक जण विचारून गेला. आगाऊचं ऐकून म्हणाला, साहेबांशी बोलून सांगतो. अजून आलेला नाही.